बाही वर न करता बीपी नॉर्मल आणण्याची युक्ती

वय वाढलं की माणूस तब्येतीला जपायला लागतो म्हणतात. खरंच आहे ते. वीस वर्षांपूर्वी आपण मिरची भजी गाड्यासमोर उभं राहून खात होतो, आता गाड्याच्या आडोशाला उभं राहून खातो. चहात दोन चमचे साखर होती, तिथं आता गूळ आहे. आणि गूळ हे औषध असल्यामुळं तो तीन चमचे आहे. बीपीची गोळी तेव्हा नव्हती, आता आहे. डब्यात आहे, पण आहे.

तरीही काही मंडळींना ही प्रगती साधत नाही. बिचारे गोळी वेळेवर घेतात, मोजून चालतात, आणि एवढं करून रिपोर्टात दोन आकडे ठळक अक्षरांत येतात ते येतातच. अशांसाठी हा लेख. परवाच्या रविवारी बेळगावातल्या एका मंगल कार्यालयात मोफत तपासणीचं शिबिर होतं. तिथं टेबलाशेजारी तीन तास उभं राहून जे पाहिलं ते नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात मिळायचं नाही. ते लोकांपर्यंत पोचावं एवढाच हेतू.

तर बीपी मोजून घ्यायचं असेल तर आधी नाष्टा उरकावा. इडली, वडा, वर कडक चहा, आणि ज्यांची सोय त्यांनी चिमूटभर तंबाखू. पुस्तकात लिहिलंय की चहा, तंबाखू, व्यायाम यातलं काहीही मोजण्याआधी अर्धा तास नको. पण पुस्तक लिहिणाऱ्याला शिबिरातला वडा थोडाच मिळाला होता? लघवी लागली असेल तर दाबून धरावी, रांग सोडली तर नंबर जातो. नंबर आला की आल्या आल्या हात पुढं करावा. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं असतं वगैरे ऐकिवात आहे, पण तिथं होतं ते स्टूल, आणि स्टुलाला पाठ नसते. पाय एकावर एक टाकावेत. हात लोंबता ठेवावा, कारण टेबलावर हारतुरे आणि पाहुण्यांच्या शाली असतात. पट्टा आवळला जात असताना शेजारच्याला 'ऊटा आतेन्री?' (जेवण झालं का?) विचारून घ्यावं आणि त्याच्या घरचा सगळा स्वयंपाक ऐकून घ्यावा. यातल्या एकेका गोष्टीनं वरचा आकडा पाच-दहानं चढू शकतो. घाबरायचं कारण नाही. चढलेला आकडा उतरवण्याची सोय टेबलाच्या पलीकडे केलेली आहे.

ती सोय फुग्यात आहे, पण आधी पट्टा बघा. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर. काढा म्हणून कुणी सांगत नाही, पट्टा लोकरीवरूनच गुंडाळतात. पट्टा एकच, सगळ्यांना. साधारण पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला चालतो. पैलवानी दंडाला तोच बांधला की आकडा उगाच जास्त दाखवतो, आणि काडीसारख्या दंडाच्या आजीला बांधला की कमी. मग फुगा दाबून काटा १८० पर्यंत न्यायचा आणि हवा फुस्सकन सोडून द्यायची. काटा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर या गतीनं खाली यायला हवा. म्हणजे १८० वरून ७० वर यायला साधारण पाऊण मिनिट जातं. परवा आठ सेकंदांत येत होता. नाडीचे ठोके मिनिटाला बहात्तर धरले तर एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत काटा अकरा-बारानं खाली घसरलेला असतो. जो पहिला ठोका ऐकू येतो तो तुमचा वरचा आकडा. तोच निसटला की आकडा तेवढ्यानं कमी. आणि जो काही ऐकू आला असेल तो जवळच्या शून्यावर नेऊन ठेवायचा. तीन तासांत १३०/८०, १२०/८०, फार तर १४०/९०. सहावर किंवा चारवर संपणारं बीपी घेऊन आमच्या भागात कुणी राहतच नाही, असं त्या वहीवरून दिसतं.

दुसऱ्यांदा मोजायचं नाही. एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजावं आणि दोन्हींची सरासरी धरावी, पहिल्या खेपेला दोन्ही दंडांवर मोजून ज्यात जास्त येईल तो दंड कायमचा धरावा, हे चोचले आहेत. मागं चाळीस माणसं उभी आहेत आणि अकराला फोटो आहे.



आता या नॉर्मलचं करायचं काय? गोळी बंद. हाच तर सगळ्या खटाटोपाचा हेतू. 'मी गोळी सोडलो की! आठ दिवस झाले बगा, काय बी होईना.' हे वाक्य परवा चार जणांकडून ऐकलं, चौघांच्याही चेहऱ्यावर कुस्ती मारल्याचा आनंद. सोडण्याची पद्धत लक्षात घ्या. अम्लोडिपिन ही गोळी अंगातून निम्मी कमी व्हायलाच तीस ते पन्नास तास घेते. म्हणजे सोमवारी सोडली तर मंगळवारी, बुधवारीही ती रक्तात काम करत असते. आपण मोजतो, नॉर्मल येतं, आपण म्हणतो, बघा, विनागोळीचं नॉर्मल! मग ती हळूहळू संपते, बीपी हळूहळू चढतं, आणि तोवर पुढचं शिबिर थेट गणपतीत असतं. ज्यांची गोळी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल आहे त्यांना एवढी वाट बघावी लागत नाही. ती एकदम तोडली की छाती धडधडायला लागते, आधीच हृदयाचं दुखणं असेल तर छातीत दुखूही लागतं.

खानापुराकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. श्रावणात घर गळेना झालं म्हणून कुणी कौलं उतरवून ठेवतं का? गळत नाही कारण कौलं आहेत. बीपी नॉर्मल आलं कारण गोळी आहे. पण कौलांचं कळतं ते गोळीचं कळत नाही, आणि सांगायला गेलं की 'सवय लागती हो गोळीची' हे ऐकायला मिळतं. सवय! रोज दोन वेळा तंबाखू मळणारा माणूस सांगतोय.

असो. बाकीचे सल्ले आटोपते घेतो.

शुगर तपासायची असेल तर तीन दिवस आधीपासून कुंदा बंद, भात बंद, रात्रीचं जेवण बंद, म्हणजे उपाशीपोटीची शुगर गोड मुलासारखी वागते. एचबीएवनसी ही गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी मात्र करू नका. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांचा तुमचा हिशेब अंगावर वागवते; तिथं तीन दिवसांचं तप चालत नाही. सहा पूर्णांक पाचला पोचलं की मधुमेहच. जेवणानंतरची शुगर द्यायची असेल तर दोन तास शेवटच्या घासापासून मोजा, ताक पिऊन, हात धुऊन, बडीशेप खाऊन झाल्यावर. पहिल्या घासापासून मोजायचे असतात, पण तसं केलं तर आकडा खरा येतो.

मीठ सोडलंय असं सांगावं आणि सैंधव खावं. सैंधव गुलाबी असतं म्हणून रक्तदाबाला ते मीठ आहे हे समजत नाही. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, हा हिशेब भाजीपुरताच धरावा. पापड, लोणचं, भडंग, शेंगाचटणी, सुकं मासं हे 'तोंडी लावणं' आहे, ते मिठात धरत नाहीत. फारच काळजी असली तर कमी सोडियमचं मीठ आणावं आणि त्यात पोटॅशियम असतं हे पुडीवर वाचू नये, खास करून ज्यांना किडनीचा त्रास आहे किंवा टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू आहे त्यांनी.

तंबाखू सोडलेली आहे, फक्त मशेरी लावतो.

आणि गुटखा तर २०१३ पासून कर्नाटकात बंदच आहे, म्हणून तर दोन वेगळ्या पुड्या घेऊन तळहातावर मिसळाव्या लागतात.

चालायला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जावं, किल्ला तलावावर जावं, पण एकट्यानं जाऊ नये. चौघांनी जावं, पंधरा मिनिटं चालावं आणि तीस मिनिटं एका जागी उभं राहून सीमाप्रश्न सोडवावा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये, एवढा वेग असला तर त्याला चालणं म्हणतात; आपल्या वेगात अख्खी आरती म्हणता येते. १९२४ साली इथंच काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा अध्यक्ष असलेल्या गांधी नावाच्या म्हाताऱ्याबरोबर चालताना लोकांना पळावं लागत असे. पंचावन्न वर्षांचा होता तो तेव्हा. आपण पंचावन्नला खुर्ची शोधतो. पंगतीत मांडी मोडली आणि टेबलं आली, संडासात कमोड आला, देवापुढं स्टूल आलं. एकेक सोय आली तशी मांडीतली ताकद गेली आणि आपल्याला वाटतं वय झालं. घरात एक परीक्षा करून बघा. हात छातीशी घडी घालून, साध्या खुर्चीवरून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. पंधरा सेकंदांच्या वर गेलं तर पाय कमजोर झालेत. मोबाइलवर रोज पावलं मोजणाऱ्यांचीही अठरा सेकंदं होतात, कारण चालण्यानं दम वाढतो, मांडीला जोर लावायचं काम वेगळं करावं लागतं, आठवड्यातून दोनदा तरी. हेही करू नका. पडाल तेव्हा खुबा बदलायला मिरज आहेच.

गुडघा दुखला की औषधाच्या दुकानातून 'त्या लाल गोळ्या' आणाव्यात. रोज घ्याव्यात. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या बीपी चढवतात, बीपीच्या गोळीचा जोर मारतात आणि किडनीवर बसतात, हे दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही. डॉक्टरांनाही सांगू नये. मग डॉक्टर म्हणतात, एका गोळीनं भागेना, दुसरी चालू करू. आपण म्हणतो, या डॉक्टरांना गोळ्या वाढवण्याशिवाय काही येत नाही.

झोप रात्री दोनपर्यंत मोबाइलवर शोधली तरी सापडत नाही, असा अनुभव आहे.

आणि शेवटचा सल्ला. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पट्टी कापून न्यावी. चारच गोळ्या राहिल्या असतील तर त्या चारच, नाव आणि तारीख ज्या बाजूला असतं ती बाजू घरी ठेवून. 'पांढरी आहे, बारीक, सकाळी खातो' एवढी माहिती डॉक्टरांना पुरे. औषधाच्या दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारीक आहेत. आणि नावं विचारली की रागवायचं: 'तुमीच लिवून दिलाय की!' अहो, दिलं असेल लिहून, पण तो कागद कुठं आहे? त्या कागदावर तारीख होती, पुढच्या तपासणीची. सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा २००४ पासून दावा पडलाय, त्याची प्रत्येक तारीख तुम्हाला तोंडपाठ आहे. कुठल्या दिवशी काय झालं, कुठला वकील उभा राहिला, सगळं. १९५६ पासून तीन पिढ्या एक मागणी न सोडणारी माणसं तुम्ही, आणि एक गोळी तुम्हाला तीन महिने सलग खाता येत नाही?

आणि ज्यांनी ते शिबिर भरवलं त्यांनाही सांगतो. बॅनरवर अठरा फोटो बसवलेत, पाठीच्या चार खुर्च्या नाही बसवता आल्या? मंगल कार्यालयात खुर्च्यांची थप्पी लावलेली होती, मागच्या खोलीत, डोळ्यांनी पाहिली. दोन मापांचे पट्टे आणायला किती खर्च येतो? त्या शालींतल्या दोन शालींएवढाही नाही. ज्याचं जास्त आलं त्याला 'डॉक्टरांना दाखवा' म्हणून सोडून दिलं. कुठल्या, कधी, चिठ्ठी कुठं? ज्याचं नॉर्मल आलं त्याला गोळी चालू आहे का, एवढं एक वाक्य विचारायचं होतं. एकानं विचारलं नाही. उद्या त्या चौघांपैकी कुणाला लकवा आला तर रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, तेही आधी डोक्याचा स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. कणकुंबीसारख्या लांबच्या गावातल्या माणसाचे त्यातले दोन तास गाडी शोधण्यात जातील आणि एक तास तेल चोळण्यात. मग अकराचा तो फोटो दाखवणार आहात का त्याच्या घरच्यांना?

आणि तुम्ही. होय, तुम्हीच, 'काय बी होईना' म्हणणारे. काही होत नाही हेच या दुखण्याचं लक्षण आहे. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग गोळी खाऊ म्हणून बसू नका. बहुतेकांचं काहीच दुखत नाही, एके दिवशी सकाळी फक्त तोंड वाकडं होतं. उद्या सकाळी चहाच्या आधी दवाखान्यात या. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणा, कापलेल्या नकोत, अख्ख्या, गुडघ्याच्या लाल गोळ्यासुद्धा. लघवीला जाऊन या. पाठीच्या खुर्चीत बसा, स्वेटर काढा, आणि पाच मिनिटं कुणाशी बोलू नका.