‘पाच वाचनं झाली की राहतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: पाच वेळा वाचलं की लक्षात राहतं, पुस्तक मिटून आठवायची पद्धत हे परदेशी फॅड आहे, त्यावरचे प्रयोग निरर्थक शब्दांच्या याद्यांवर झाले, राज्यघटनेवर नाही, आमच्या पिढीचे पाढे घोकूनच पक्के झाले, आणि राज्यसेवेची तयारी करणाऱ्या तुमच्या मुलीने ही पद्धत महिनाभर वापरली, तर कोऱ्या कागदावर निम्मंही उतरेना, अँकी या प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये सहाशे कार्डं तुंबली. शेवटी तिने पुन्हा वाचायला घेतलं आणि ‘आता सगळं येतंय’ असं तिला वाटू लागलं.

सुरुवात या शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. येतंय असं वाटलं कधी? वाचून झाल्या झाल्या. त्या घडीला वाचनच जिंकतं, यात वाद नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना सलग उतारे दिले, एक सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरांवर. (निरर्थक शब्दांच्या याद्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या, ते काम १८८५ चं.) एका गटाने चारही सत्रांत उतारा नुसता वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्याने पहिल्याच सत्रात तीन-साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने घेतली तर वाचणारे ४० वर आले, लिहिणारे ६१ वर. आणि पुढे किती लक्षात राहील याची जास्त खात्री कोणाला होती? वाचणाऱ्यांना. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच चाललंय. ओळखीचं पान समोर आलं की डोळे झरझर पुढे जातात, आणि तो वेग आपण ज्ञानाच्या खात्यावर जमा करतो.

पाढ्यांचा दाखला तुम्ही विरोधात दिलात, पण तो माझ्याच बाजूचा आहे. पाढे रोज संध्याकाळी म्हटले जायचे, वर्षानुवर्षं, पुस्तकात न बघता, आणि अडलं की घरातलं मोठं माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. अंतर ठेवून उजळणी, न बघता आठवणं, चूक लगेच सुधारणं: तिन्ही गोष्टी त्यात आहेत. घोकंपट्टीची खरी अडचण वेगळीच आहे. ‘सतरा सत्ते किती’ असं मधूनच विचारलं की अनेकांना सतरा एकेपासून सुरुवात करावी लागते. ओळीने पाठ केलेलं ओळीनेच बाहेर येतं. वेदपाठींनी जटा, घन असे शब्दांची अदलाबदल करणारे पाठ उगाच नाही रचले. राज्यसेवेचा पेपर तर कायम मधूनच विचारतो.

आता कोऱ्या कागदाचं. पहिल्या वेळी निम्मं उतरणं हे अपयश नाही, तो नेहमीचा आकडा आहे. मात्र पाव भागही उतरत नसेल, तर विस्मरण झालेलं नाही, मुळात समजलेलंच नाही. मग घास लहान करायचा. एका वेळी आठ-दहा पानं, त्याहून जास्त नकोत. वाचून झाल्यावर लगेच लिहायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं दुसरं काही करायचं. मग दहा मिनिटं न बघता लिहायचं, वाक्यं नाही, मुद्दे. अडलं तरी मिनिटभर झगडायचं. त्यानंतर पुस्तक उघडून सुटलेलं आणि चुकलेलं लाल पेनाने भरायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग चुकीचंच पक्कं होतं. कार्डं बनवायची ती फक्त लाल मजकुराची.

सहाशे कार्डं तुंबली याचं कारण इथेच असावं: दिसेल त्या ओळीचं कार्ड. अँकीत रोज वीस नवी कार्डं घातली तर काही आठवड्यांत रोजची उजळणी साधारण दहापट, म्हणजे दोनशेच्या घरात जाते. राज्यसेवेच्या मुलांनी आठ-दहावर थांबावं. साठलेल्यांसाठी उपाय: नवी कार्डं शून्यावर आणा, उजळणीची मर्यादा रोज शंभर-सव्वाशे ठेवा, ढीग उपसला जाईपर्यंत थांबा. सगळं पुसून पुन्हा सुरू करू नका. आणखी एक चूक तपासा: विसरलेल्या कार्डावर ती ‘हार्ड’ दाबते का? ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. विसरलं तर ‘अगेन’च. नाहीतर अ‍ॅप न येणारं कार्ड पुढच्या तारखेला ढकलत राहतं.

कार्ड कसं असावं याचा नमुना देतो. ‘कलम ३५२ ची माहिती लिहा’ हे कार्ड नव्हे, निबंध आहे. गोंधळ होतो तो ३५२ (राष्ट्रीय आणीबाणी), ३५६ (राष्ट्रपती राजवट) आणि ३६० (आर्थिक आणीबाणी) यांच्यात, तेव्हा प्रश्न त्या सांध्यावर हवेत. राष्ट्रीय आणीबाणीला संसदेची मंजुरी किती मुदतीत? एक महिना. राष्ट्रपती राजवटीला? दोन महिने. आर्थिक आणीबाणीला? दोन महिने. मग ३५२ लाच एक महिना का? १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दोनाचा एक केला, शिवाय विशेष बहुमताची अट घातली आणि ‘अंतर्गत अशांतता’ जाऊन ‘सशस्त्र उठाव’ आला. जास्तीत जास्त किती काळ? ३५६ ला तीन वर्षं, ३५२ आणि ३६० ला कमाल मर्यादा नाही. ही कार्डं एकामागोमाग नकोत, इतर विषयांत मिसळलेली हवीत. एकत्र आली की आधीचं उत्तर पुढच्याला इशारा देतं. ‘का’चं कार्ड सर्वांत मोलाचं, कारण मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे आणि तिथे चार पर्याय समोर नसतात.

किती दिवसांनी उजळणी, हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात १,३५४ जण होते, साहित्य सामान्यज्ञानाचं होतं. परीक्षा आठवड्यावर असेल तर दोन अभ्याससत्रांत एका दिवसाचं अंतर उत्तम ठरलं, ३५ दिवसांवर असेल तर अकरा, ७० वर असेल तर एकवीस. पाच वाचनं एकाच आठवड्यात संपवणं म्हणूनच वाया जातं. तीच पाच सत्रं दुसऱ्या दिवशी, चौथ्या, बाराव्या, महिन्याने आणि दोन महिन्यांनी करा, तीही आधी आठवून, मग बघून.

पटत नसेल तर घरीच पडताळा घ्या. तिने अजून न केलेलं प्रकरण निवडा आणि त्याचे साधारण सारख्या अवघडपणाचे दोन भाग करा. एक ती नुसता वाचेल, दुसरा एकदा वाचून कोऱ्या कागदावर उतरवेल. दोन्हींना घड्याळ लावून सारखाच वेळ, समजा दीड-दीड तास. मग तीन आठवडे त्या प्रकरणाला हात लावायचा नाही. त्यानंतर दोन्ही भागांवर दहा-दहा प्रश्न, पर्यायांशिवाय. प्रश्न तुम्ही काढा, आणि कोणत्या भागातला कोणता ते तपासून होईपर्यंत तिला सांगू नका.