‘आई-बाप खंबीर, तर मूल बरं’: एका फॉरवर्डला उत्तर

नात्यातल्या एका मुलाला गेल्या महिन्यात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, निघाला. बातमी फुटली त्याच रात्री ग्रुपवर तो मेसेज आला, शेवटी जोडलेल्या हातांची रांग. मला तो नवा नाही. माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिला हाच आजार झाला, तेव्हा निदान सहा जणांनी मला तो पाठवला होता. मजकूर साधारण असा:

‘कॅन्सरशी लढणाऱ्या मुलाला अर्धं औषध बरं करतं, अर्धं आई-वडिलांचं मन. पालकांची भीती मुलाच्या रक्तात उतरते. म्हणून त्याच्यासमोर रडू नका, आजाराचं नाव काढू नका, सारखा ताप बघत बसू नका. तुम्ही हसत राहिलात तर ते बरं होणारच. उपचार संपले की सगळं मागे टाका.’

पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात हे वाचणाऱ्या बापाला त्यातून एकच गोष्ट ऐकू येते: पोर बरं झालं नाही, तर तू घाबरलास म्हणून. मी तेच ऐकलं होतं. त्यामुळे एकेक वाक्य घेऊनच बोलतो.

‘अर्धं औषध, अर्धं मन.’

हे साफ खोटं आहे. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध दिलेल्या १६ अत्यवस्थ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यातल्या १० जणांत सुधारणा दिसली, तीही तात्पुरती, आणि तेवढीसुद्धा तेव्हा अचाट वाटली होती. पुढे औषधं एकत्र करून द्यायला सुरुवात झाली, मेंदूभोवतीच्या पाण्यात लपणाऱ्या पेशींसाठी पाठीच्या कण्यातून औषध देणं आलं, दोन-अडीच वर्षांचे टप्पे ठरले. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊ मुलं वाचतात. या पाऊणशे वर्षांत आया जास्त हसऱ्या झाल्या, असं कोणी म्हणणार नाही. बदलली ती औषधं.

मुलांचे सगळे कॅन्सर धरले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. संघटना कारणंही देते: उशिरा किंवा चुकीचं निदान, उपचार न मिळणं, अर्ध्यात सुटणं, औषधांचे दुष्परिणाम, आजार उलटणं. आईचा चेहरा उतरला होता, हे कारण त्या यादीत नाही.

खुद्द रुग्णाच्या मनाचं काय? २००७ मध्ये जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोकं व मानेचा कॅन्सर असलेल्या १,०९३ प्रौढ रुग्णांची माहिती तपासली. मनाने बरे असलेले जास्त जगले, असं काही दिसलं नाही. रुग्णाच्या स्वतःच्या उमेदीने जिथे आयुष्य वाढलेलं दिसत नाही, तिथे बापाच्या उमेदीने पोराच्या पेशी मरतील हे कुठल्या हिशेबात बसतं?

‘पालकांची भीती मुलाच्या रक्तात उतरते.’

इथे मला जरा सबुरीने बोलायला हवं, कारण या वाक्याच्या पोटात खरं असं काही आहे. रक्तात उतरत नाही. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडतात ते केमोने. पण पालक फार अस्वस्थ असतील तर मूलही जास्त अस्वस्थ असतं, हा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलाय. त्यामुळे ‘काही फरक पडत नाही’ असं मी म्हणणार नाही. फरक पडतो, पण मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही.

माझ्या मुलीच्या छातीत पोर्ट होता, म्हणजे औषध शिरेत सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी. सुई टोचण्याआधी वर बधिर करणारं मलम लावून तासभर थांबायचं. पहिल्या काही वेळा मी तिचं डोकं छातीशी धरून म्हणत राहायचो, ‘काही नाही होणार, काही नाही, झालंच, झालंच.’ माझा आवाज तेव्हा अगदी शांत असायचा, हसरासुद्धा. ती दर ‘काही नाही’ला अजून ताठ व्हायची. शेवटी सिस्टर म्हणाल्या, ‘बाबा, तुम्ही ते बंद करा. तिला काहीतरी मोजायला लावा.’ मग आम्ही पडद्यावरचे मासे मोजायला लागलो. सत्तावीस होते. एक अर्धा, शिवणीत गेलेला, तो धरायचा की नाही यावर भांडण, आणि तेवढ्यात सुई आत.

नंतर वाचलं की हे आमच्यापुरतं नव्हतं. रोनाल्ड ब्लाउंट आणि इतरांनी सुया टोचताना पालक काय बोलतात आणि मूल काय करतं, हे शब्द न् शब्द तपासलंय. वारंवार दिलासा देण्याच्या जोडीला मुलाचा त्रास वाढलेला दिसतो, लक्ष दुसरीकडे वळवलं की ते सावरतं. ‘काही नाही होणार’ याचा मुलाला लागणारा अर्थ, काहीतरी होणारे. मासे मोजतानाही माझे हात बर्फासारखे गार असायचे. भीती कमी झाली नव्हती, फक्त तोंड दुसऱ्या कामाला लागलं होतं. आणि तेवढं पुरलं.

आणखी एक. २००५ मध्ये अ‍ॅन कझाक आणि सहकाऱ्यांनी उपचार चालू असलेल्या मुलांच्या ११९ आया आणि ५२ वडिलांची पाहणी प्रसिद्ध केली. एक पालक सोडला, तर झाडून सगळ्यांत आघातानंतरच्या ताणाची काही ना काही लक्षणं होती: दचकणं, तेच ते डोळ्यांसमोर येणं, हॉस्पिटलच्या वासानेही पोटात गोळा. म्हणजे मेसेजवाल्यांना हवा असलेला न घाबरणारा पालक शोधायला गेलं, तर अख्ख्या वॉर्डात एखादा सापडेल. त्याचीच मला जास्त काळजी वाटेल.

‘समोर रडू नका, आजाराचं नाव काढू नका.’

आम्ही महिनाभर नाव काढलं नाही. ‘रक्तातले किडे’ म्हणायचो. एका रात्री, स्टिरॉइडमुळे गाल टम्म फुगलेले आणि पुन्हा भूक लागलेली, ती हळूच म्हणाली, ‘बाबा, माझा कॅन्सर कधी जाणार? आईला नको सांगू हं मला माहितीये ते.’ शेजारच्या कॉटवरच्या मुलाकडून तिला कधीच कळलं होतं. आम्ही दोघं तिला सांभाळत होतो आणि ती आम्हा दोघांना.

मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये राहून नेमकं हेच टिपलं. मोठे सांगत नव्हते, तरी मुलांना आजार, औषधं, कोण दगावलं, सगळं ठाऊक होतं. मोठ्यांना त्रास नको म्हणून ती माहीत नसल्याचं नाटक करत होती. स्वीडनमधल्या उलरिका क्राइकबर्ग्स यांचा २००४ चा अभ्यास तर वाचवत नाही. मूल कॅन्सरने गेलेल्या पालकांना त्यांनी विचारलं, तुम्ही त्याच्याशी मृत्यूबद्दल बोललात का? बोललेल्या १४७ पैकी एकालाही पस्तावा नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. बहुतेक घरांवर ती वेळ येत नाही. पण सगळ्यात अवघड गोष्टीबाबत जर हे खरं असेल, तर ‘तुझ्या आजाराला कॅन्सर म्हणतात’ एवढं सांगायला कशाला घाबरायचं?

रडण्याबद्दल माझं मत एवढंच की नळ सोडून बाथरूममध्ये रडलेलं मुलांना कळतंच. लाल डोळ्यांचं कारण सांगितलं नाही, की ती स्वतःच शोधतात, आणि बहुधा ‘माझ्यामुळे’ हेच सापडतं. ‘आज तुला दोनदा टोचलं म्हणून मला वाईट वाटलं’ हे वाक्य तिने सहज पचवलं. मात्र पोरानेच आपले डोळे पुसायची वेळ येऊ देऊ नये. त्या रडण्यासाठी दुसरा मोठा माणूस गाठावा.

‘सारखा ताप बघत बसू नका.’

बाकीची वाक्यं नुसती चुकीची आहेत, हे वाक्य मात्र धोक्याचं आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी पडतात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल्स ५०० च्या खाली गेल्या, की साधा संसर्ग काही तासांत जीवावर बेतू शकतो, आणि पुष्कळदा बाहेर दिसणारी एकच खूण म्हणजे ताप. एकदाच १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला १००.४, या ढोबळ रेषा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. परस्पर पॅरासिटामॉल देऊन ताप दडवायचा नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही, निघायचं. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असा दंडक आहे.

पुढे मेन्टेनन्सच्या, म्हणजे आजार पुन्हा येऊ नये म्हणून चालणाऱ्या शेवटच्या उपचारांच्या, लांबलचक काळात घरीच रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी द्यायची असते. मूल खेळतंय, केस आलेत, आणि याच टप्प्यावर गोळ्या चुकतात. स्मिता भाटिया यांच्या गटाने बाटलीचं झाकण कधी उघडलं याची नोंद करणारी झाकणं वापरून हे मोजलं. ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका जास्त निघाला. रात्री झोपेतून उठून ‘आज दिली का गं?’ विचारणारा घाबरट बाप इथे कामाचा असतो.

हेही सांगतो की एका रात्री मी ताप नसताना अकरा वेळा थर्मामीटर लावला. त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता, उलट झोपमोड. सिस्टरनी नियम घालून दिला: अंग गरम लागलं, ती मलूल दिसली किंवा थंडी वाजली तर लगेच, नाहीतर ठरलेल्या दोन वेळा. तो कागद भिंतीवर लावल्यावर मला थोडी झोप लागायला लागली.

‘तुम्ही हसत राहा.’

कसं, ते मेसेज सांगत नाही. २०१५ मध्ये कॅन्सर झालेल्या मुलांच्या आणि कुटुंबांच्या मानसिक काळजीचे १५ निकष प्रसिद्ध झाले. त्यातला एक सरळ पालकांबद्दल आहे: त्यांच्या मनाची तपासणी सुरुवातीला आणि पुढेही होत राहावी, गरज असेल त्याला मदत मिळावी. ओली जेन सालर यांच्या गटाने आयांना आठ बैठकांत अडचणी सोडवायची रीत शिकवली: अडचण नेमकी कोणती, उपाय किती, त्यातला एक निवडा, करून बघा, जमलं का ते तपासा. त्याने त्यांची उदासी आणि ताण कमी झाला. यात हसायला कोणीच सांगितलेलं नाही.

बापांना तर विचारतच नाहीत. मला लिफ्टमध्ये छाती धडधडून घाम फुटायचा आणि मी समजायचो हार्ट अटॅक. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मुलीच्याच डॉक्टरांना अवघडून सांगितलं. त्यांनी समुपदेशकांकडे पाठवलं, काही महिने गोळीही घेतली. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, वॉर्डात पाऊल टाकवत नसेल, डोस विसरले जात असतील किंवा जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या टीममधल्या कोणाला तरी सांगा. त्यांनी हे आधी ऐकलेलं असतं.

‘उपचार संपले की सगळं मागे टाका.’

शेवटचा डोस झाला त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आधार काढून घेतल्यासारखं झालं. औषध चालू होतं तोवर काहीतरी पहारा देत होतं. कित्येक पालकांची भीती नेमकी तेव्हा वाढते, आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात तर दर वेळी.

ती आता अकरा वर्षांची आहे. परवा वार्षिक रक्ततपासणी होती. रिपोर्ट येईपर्यंत मी जिन्यात उभा होतो, तळहात ओले, त्याच जुन्या भीतीने. ती बाकावर पाय हलवत गेम खेळत होती. मला बघून म्हणाली, ‘बाबा, मासे मोज.’

काउंट ठीक आले.