‘लिमिट : १६७७७२१६’ या एका ओळीबद्दल

महोदय,

आपण आमच्या सेवेला दोन तारे देऊन लिहिले आहे की, हिशेबाचे सॉफ्टवेअर ज्या व्हर्च्युअल मशीनवर (म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर) चालते ते जीएसटी विवरणपत्राच्या ऐन धामधुमीत, २० तारखेला, दोनदा आपोआप बंद पडले. आम्ही सोपवलेल्या माहितीपुस्तिकेत मेमरीबद्दल एका आकड्यापलीकडे काहीच सापडले नाही. आणि १६ जीबीचे पैसे घेऊन आम्ही प्रत्यक्षात कमी मेमरी दिली असावी. यांतील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खरी नाही, पण ती शंका आपल्या मनात यायला आमचीच पुस्तिका कारणीभूत आहे.

पुस्तिकेत ‘लिमिट : १६७७७२१६’ एवढीच ओळ आहे. अशी मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्ट या सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये एकक लिहिले नाही तर आकडा किबीबाइटमध्ये (१०२४ बाइटचा एक) धरला जातो आणि १६ गिबीबाइटचे (बोलताना आपण ज्याला १६ जीबी म्हणतो त्याचे) नेमके तेवढे किबीबाइट होतात. आमच्या माणसाला हे तोंडपाठ असल्याने त्याने आकडा जसाच्या तसा उतरवला. इतवारीतील आपल्या पेढीत तो वाचणाऱ्याला एखादा परवाना क्रमांक वाटला असेल, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

मूळ चूक मात्र ती मर्यादा लावण्यातच होती. सेटिंगमध्ये मेमरीचे तीन वेगवेगळे आकडे असतात. ‘मेमरी’ म्हणजे मशीनला जास्तीत जास्त किती द्यायची ते. ‘करंट मेमरी’ म्हणजे बलून ड्रायव्हरने (मशीनच्या आतून मेमरी परत करणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) काही भाग होस्टला, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर मशीन चालते त्याला, परत दिल्यावर मशीनकडे किती राहावी ते. आणि ‘हार्ड लिमिट’ ही मशीनच्या आतल्या मेमरीपुरती नसून ते मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामच्या संपूर्ण प्रोसेसवर (होस्टवर त्याच्या चालू असलेल्या कामावर) लागते. त्या प्रोसेसला मशीनच्या मेमरीखेरीज व्हिडिओ मेमरी, डिस्कचे बफर आणि स्वतःच्या कामापुरती जागा लागतेच. आम्ही १६ जीबीच्या मशीनला १६ जीबीचीच हार्ड लिमिट लावली, म्हणजे १६ पायली धान्याला बरोबर १६ पायलींचे पोते शिवले आणि तोंड बांधायला कापडच ठेवले नाही. एरवी मशीन पूर्ण मेमरी वापरत नव्हते, त्यामुळे ते निभावले. २० तारखेला सगळे जण एकदम कामाला बसले, मर्यादा ओलांडली गेली, होस्टवर स्वॅप (मेमरी कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) नव्हताच, आणि लिनक्स कर्नलने, म्हणजे होस्टच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याने, ती प्रोसेस मारून टाकली. विंडोजच्या नोंदींत फक्त ‘अनपेक्षित बंद’ एवढेच दिसले, कारण खरी नोंद होस्टच्या कर्नल लॉगमध्ये होती आणि तेथे पाहावे, हेही आम्ही लिहून ठेवलेले नव्हते.

त्यानंतर आपण बोलावलेल्या तंत्रज्ञाने मशीनची मेमरी २० जीबी केली. त्याच्या जागी मीही तेच केले असते. हार्ड लिमिट १६ वरच राहिल्यामुळे मशीन अधिकच वारंवार पडू लागले, आणि आपल्याला वाटले की मेमरी आम्ही कुठेतरी अडवून ठेवली आहे. ती अडलेली होती हे खरेच. अडवण्यामागे पैशाचा हिशेब नव्हता, इतकेच मला सांगायचे आहे.

क्यूईएमयूसाठी हार्ड लिमिट लावू नये, कारण अंदाज कमी पडला तर कर्नल मशीन मारू शकतो, असा स्पष्ट इशारा लिबव्हर्टच्या अधिकृत माहितीत आहे. तो वाचूनही ‘एका मशीनने बाकीच्यांची मेमरी खाऊ नये’ म्हणून आम्ही ती लावली, आणि नेमके हे कारणच पुस्तिकेत लिहिले नाही. ते लिहिताना तरी आमचे आम्हालाच पटले नसते, असे आता वाटते.

आपल्या मशीनवरील हार्ड लिमिट आम्ही काढून टाकली आहे. मेमरीचे पान नव्याने लिहिले असून त्यात प्रत्येक आकड्यापुढे एकक, तो कशावर लागतो, कोणी, कधी व कशासाठी ठेवला, आणि मशीन अचानक बंद पडल्यास होस्टवर कोणती नोंद शोधावी, हे दिले आहे. ते पान छापण्यापूर्वी आपल्या मुनीमजींनी एकदा वाचावे, अशी विनंती आहे. जेथे ते अडतील तेथे आम्ही पुन्हा लिहू. बाहेरच्या तंत्रज्ञाला आपण दिलेल्या रकमेची पावती आमच्या धरमपेठच्या कार्यालयात पाठवावी, ती रक्कम पुढील बिलातून वजा केली जाईल.

आपला,
संचालक