‘कंत्राटदाराची भाषा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मोठ्या झाडांच्या पुनर्रोपणावरील माझ्या लेखावर आपण तीन गोष्टी लिहिल्या आहेत: चिंचेसारखी जुनी झाडे हलवता येत नाहीत, क्रेनने उचललेली झाडे दोन पावसाळेही काढत नाहीत, आणि ‘लेखक कंत्राटदाराची भाषा बोलतो’. चिंचेबाबत आपले म्हणणे मान्य आहे. खोल सोटमुळाच्या जुन्या झाडाच्या वाटेला जाऊ नये. तिसऱ्या वाक्याचे मात्र उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

कंत्राटदाराची भाषा म्हणजे नेमकी कोणती? ज्याला काम उरकून बिल काढायचे असते, तो सकाळी जेसीबी लावतो आणि दिवस मावळायच्या आत झाड दुसरीकडे उभे करून मोकळा होतो. मी सांगितले ते असे, की बुंध्याच्या जाडीच्या निदान दहापट व्यासाचा मातीचा गोळा राखावा आणि त्याभोवतीचा चर एकदम न खणता आधी अर्ध्या बाजूने व काही महिन्यांनी उरलेल्या बाजूने खणावा, म्हणजे तोडलेल्या मुळांना गोळ्याच्या आतच नवी तंतुमुळे फुटतात. फूटभर जाडीच्या बुंध्याचा गोळा दहा फूट रुंद आणि तीन फूट खोल धरला, तरी वजन दहा टनांच्या घरात जाते. हे कोणत्या कंत्राटदाराला परवडते, ते आपणच सांगावे.

माझ्या वडिलांची कळंब्याला रोपवाटिका होती. गोळ्याला गोणपाट गुंडाळून सुतळी आवळण्याचे काम शाळेतून आल्यावर माझ्याकडे असे. सुतळी सैल राहिली की उचलताना गोळा तडकायचा, भेगेतून तुटकी पांढरी मुळे लोंबायची, आणि ते झाड वडील गिऱ्हाइकाला देत नसत. आपण असा एखादा गोळा कधी आवळला आहे काय? आवळला असल्यास क्षमस्व. प्रतिक्रियेत तरी त्याची खूण दिसली नाही.

राहता राहिले दोन पावसाळे. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत निचऱ्याची सोय न करता खड्डा घेतला, तर पाणी साचून मुळे कुजणारच. वड-पिंपळ त्यातूनही पुष्कळदा तगतात, आंबा सहसा तगत नाही. दोष पद्धतीचा की ती न पाळणाऱ्याचा, एवढा विवेक आपण केला असता तर बरे झाले असते. आपण पाहिलेली मेलेली झाडे कोणत्या जातीची होती, कोणत्या महिन्यात हलवली आणि चर किती आधी खणला होता, हे कळवावे. त्यावर अवश्य बोलू.