टीकप, तीस दिवसांचं पिल्लू आणि वंशावळीचा कागद: एका फिरत्या संदेशाला उत्तर

छोटं कुत्रं घेऊ पाहणाऱ्यांसाठी एक संदेश मोबाइलवर सारखा फिरतो. त्यातला सल्ला थोडक्यात असा: टीकप, म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं पिल्लू घ्या, जितकं लहान तितकं सांभाळायला सोपं. तीस-पस्तीस दिवसांचं असतानाच आणा, म्हणजे लळा लागतो. लस झालेली असली की काळजी नाही. आणि वंशावळीचा कागद मिळाला की पिल्लू निरोगी समजा. यातलं लशीचं तेवढं अर्धं बरोबर आहे. बाकीचं पाळलं तर ते पिल्लाच्या जिवावर बेतू शकतं.

टीकप नावाची जात नाही, आणि कुत्र्यांच्या जातींची नोंद व मानकं ठेवणाऱ्या कोणत्याही प्रमुख संस्थेच्या, म्हणजे केनेल क्लबच्या, मानकात असा आकारही नाही. तो विक्रीसाठी काढलेला शब्द आहे. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात पोमेरेनियनचं वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो आहे. चिवावा ६ पौंडांच्या, म्हणजे २.७ किलोंच्या वर जाऊ नये. मुळातच एवढ्याशा जातीतून त्याहून लहान पिल्लं काढायची, तर वेतातली सगळ्यात किरकोळ नर-मादी पुन्हा पुन्हा जुळवली जातात, पिल्लं अर्धपोटी ठेवली जातात, किंवा ५ आठवड्यांचं पिल्लू ९ आठवड्यांचं सांगून विकलं जातं. वयाची शंका आली तर दात पाहावेत. ८ आठवड्यांपर्यंत २८ दुधाचे दात बहुधा आलेले असतात. लहान जातींत थोडा उशीर होतो, म्हणून तोंड पशुवैद्यांनाच दाखवा.

सांभाळायला सोपं हे तर अगदी उलट आहे. इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फारच थोडा असतो. काही तास पोट रिकामं राहिलं, थंडी लागली किंवा जुलाब झाले की रक्तातली साखर उतरते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, थरथरतं, हिरड्या गार पडतात, पुढे झटके येतात. म्हणून पहिले ३ महिने दिवसातून ४-५ वेळा थोडं थोडं खायला घालावं लागतं. लक्षणं दिसली तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपलेल्या पिल्लाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. तरतरी परत आली तरी तपासणी टाळू नका. याशिवाय काहींची टाळू भरलेली नसते, आणि सोफ्यावरून मारलेली उडीसुद्धा पुढचा पाय मोडायला पुरते. श्वासनलिका नाजूक, त्यामुळे गळपट्ट्याला दोरी लावण्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरा.

लळ्यासाठी तिसाव्या दिवशी आईपासून तोडण्याची काहीच गरज नाही. पिल्लू माणसांना आणि नव्या गोष्टींना सहज स्वीकारतं तो काळ ३ ते साधारण १४ आठवड्यांचा. चावा किती जोरात बसला की समोरचा दुखावतो, हे ते याच काळात भावंडांकडून शिकतं. किमान ८ आठवडे, अगदी लहान जातींत १० ते १२ आठवडे ते आईजवळ राहू द्यावं. मात्र तोवर ते पिंजऱ्यात नव्हे, घरातल्या आवाजांत आणि माणसांच्या हातांत वाढलं का, हे ब्रीडरला, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याला, विचारा.

आता लस. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली प्रथिनं, लशीचा परिणाम अडवतात, आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून ६-८ आठवड्यांपासून दर २-४ आठवड्यांनी, वय १६ आठवडे होईपर्यंत मुख्य लस (पार्व्हो, डिस्टेंपर अशा जीवघेण्या आजारांवरची) पुन्हा देतात. एका सुईवर ‘लसीकरण पूर्ण’ होत नाही. कार्डावर तारीख, लशीच्या बाटलीचं लेबल आणि पशुवैद्यांची सही हवी.

कागदाचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. वंशावळ आईबाप कोण ते सांगते, त्यांचे गुडघे आणि हृदय कसं आहे ते नाही. ते कळायला आईबापांच्या तपासणीचे अहवाल लागतात, आणि तपासण्या जातीनुसार बदलतात. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकणं सर्रास आढळतं. त्याची डीएनए चाचणी नाही, एक वर्ष झाल्यावर पशुवैद्य हातानेच तपासतात आणि १ ते ४ अशी श्रेणी देतात. कॅव्हेलियर या लहान स्पॅनियल जातीत हृदयाच्या झडपेचा आजार उतारवयाची वाट पाहत नाही, म्हणून अडीच वर्षांचं वय होण्याआधीच जुळवलेली जोडी नकोच, आणि त्या जोडीच्याही आईबापांचं हृदय ५ वर्षांपर्यंत निर्दोष असल्याचा अहवाल मागा. पगच्या आईबापांना ३ मिनिटं दुडक्या चालीने पळवून आधी-नंतर श्वास ऐकतात. टॉय पूडलमध्ये दृष्टिपटल झिजण्याच्या आजाराची डीएनए चाचणी होते. ‘आमची सगळी निरोगीच असतात’ हा अहवाल नव्हे.

ब्रीडर ओळखायला थोडा हिशेब करा. लहान जातीची कुत्री ६३ दिवसांच्या आसपास विते आणि एका वेताला बहुधा २-४ पिल्लं देते. मग ज्याच्याकडे सहा जातींची, हव्या त्या रंगाची पिल्लं बारमाही तयार असतात, तो ती वाढवत नाही, कुठून तरी गोळा करतो. चांगल्या ब्रीडरकडे थांबावं लागतं. नर बाहेरचा असणं स्वाभाविक आहे, त्याचे अहवाल पाहिले की पुरे. पण आई पिल्लांजवळ दिसलीच पाहिजे. अंगावर पाजून ती थोडी उतरलेली असेल, तरी माणसांना बिचकणारी नसावी. घरपोच देतो म्हणून घर न दाखवणाऱ्याकडून घेऊ नका.

पैसे देण्याआधी दोन अटी लेखी घ्या: ताबा मिळाल्यापासून ३ दिवसांत तुमच्या पशुवैद्यांच्या तपासणीत गंभीर दोष निघाला तर पूर्ण परतफेड, आणि पुढे कोणत्याही वयात सांभाळणं अशक्य झालं तर कुत्रं परत घेण्याची हमी.