बुडाखालचं रोम

रोम बघायला डोळे लागतात असं वाटत असेल, तर गाइडसोबतची सायकल टूर घेऊ नये. सायकलवरून हे शहर डोळ्यांना थोडं आणि बुडाला फार कळतं. गाइड कानातल्या यंत्रातून सम्राटांची नावं सांगत असतो, आणि खालून दगड स्वतःची ओळख करून देत असतात.

या दगडांना तिथे ‘सांपिएत्रीनी’ म्हणतात. ज्वालामुखीचा काळा पाषाण, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा लांबचा चुलतभाऊच. माथा साधारण १२ बाय १२ सेंटिमीटर, खाली निमुळता होत गेलेला, पारंपरिक पद्धतीनं नुसता वाळूत ठोकून बसवलेला. फटींतून पाणी मुरतं ही त्याची सोय. पण फटी आहेत म्हणून दगड हलतात, एखादा निघतो आणि पडलेल्या दाढेसारखं खिंडार मागे ठेवतो. वर शतकानुशतकांच्या घासणीनं आलेली चकाकी. पाऊस नुसता शिंतडला तरी रस्त्याची नदीकाठच्या घाटाची शेवाळलेली पायरी होते.

म्हणून निघण्याआधी टायर दाबून बघा. आपल्याकडच्या पंक्चरवाल्याला हवा म्हणजे दगडासारखी टणक भरलेली आवडते. इथे दगड रस्त्यावर पुरेसे आहेत, टायरमध्ये नकोत. चार सेंटिमीटरच्या आसपास रुंदीच्या टायरला ४० पीएसआय दाब पुष्कळ झाला. मात्र फारच कमी ठेवली, तर दगडाची कड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

मग सीट. गुबगुबीत जेलची सीट पाहून जीव हरखतो, पण माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. दहा मिनिटं ती गादी असते. नंतर बसायची हाडं तिच्यात रुततात आणि भार अशा जागी जातो जिचा उल्लेख चारचौघांत होत नाही. सीट कडकच बरी. उंचीचं माप सोपं: पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. घाबरट माणूस दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली करून घेतो आणि दिवसभर गुडघे छातीशी आणत बेडकासारखा पेडल मारतो. गादीवाली सायकलची चड्डी घालणार असाल, तर तिच्या आत दुसरी चड्डी घालू नये. तिची शिवणच घासते. आणि वर एक सैल पँट असू द्या, कारण सेंट पीटर्ससारख्या चर्चमध्ये उघड्या गुडघ्यांना प्रवेश नाही.

खडबडीत पट्टा आला की दोन्ही पेडल एका पातळीत आणायचे, गुडघे आणि कोपरं किंचित वाकवायची आणि रिकिबीत उभं राहावं तसं बूड इंचभर उचलायचं. हँडल सैल धरा. घट्ट धरलं की हादरे थेट कवटीपर्यंत पोचतात आणि ऑगस्टस आधी की हेड्रियन, हे गणित कायमचं बिघडतं.

खरा घात ब्रेकमध्ये आहे. आपल्या स्कूटरवर आणि सायकलवर डावा ब्रेक मागच्या चाकाचा. इटलीत बहुतेक सायकलींचा डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. पुण्यात हयात घालवलेला डावा हात संकटसमयी सवयीनं मुठीत येतो, पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि स्वार मात्र पुढे जातो. निघायच्या आधी मोकळ्या जागेत पाचदा ब्रेक दाबून हाताला नवा धडा द्यावा. त्यातून वाहतूक उजवीकडून. गाइडच्या मागे असेपर्यंत ठीक, पण सिग्नलला एकटे मागे राहिलात की पाय आपोआप डावी बाजू धरतात.

मागे तर राहणारच. बाराजणांची रांग म्हणजे बाजाची पेटी: पहिला जरा थांबला की शेवटचा कचकन थांबतो, पहिला निघाला की शेवटच्याला जीव तोडून पळावं लागतं. दमत असाल तर गाइडच्या मागचा दुसरा नंबर पकडा, लाजू नका.

लार्गो अर्जेंतिना या चौकात विशेष जपायचं. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाला ती जागा हीच. गाइड तेवीस वारांचं वर्णन रंगवत असतो आणि तिथूनच ८ नंबरची ट्राम जाते. रुळाची खाच सायकलच्या चाकाला मापात बसते. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावा, तिरपं गेलात तर चोविसावी जखम तुमची. सीझर नंतर ऐका, तो काही कुठे जात नाही.

विजेवर चालणारी सायकल घेतली की टेकड्या सपाट होतात, हेही अर्धसत्यच. मोटर २५० वॉटची, पेडल मारलं तरच मदत करणारी आणि ताशी २५ किलोमीटरला हात काढून घेणारी. चढावर थांबण्याआधी गिअर हलका करून ठेवा, कारण उभ्या सायकलवर साखळी सरकत नाही. आणि टायबर नदीकाठच्या वाटेवर पायऱ्या उतरताना हे वीस-पंचवीस किलोंचं धूड कडेच्या पन्हळीतून मोटर नाही, आपणच धरून न्यायचं असतं.

पाणी विकत घेऊ नका. जागोजागी ‘नासोने’, म्हणजे नाकाड्या नावाचे लोखंडी नळ सतत वाहत असतात. खालचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. चेहरा जवळ नेण्याआधी दाबून बघावं. पियात्सा नावोना या चौकात शिल्पकार बेर्निनीच्या १६५१ च्या चार नद्यांच्या कारंज्यावर आपली गंगाही बसलेली आहे, पण दाढीवाल्या बाप्याच्या रूपात, हातात वल्हं घेऊन. दगडावर इतकी वर्षं बसूनही चेहऱ्यावर तक्रार नाही, याचं सायकलस्वाराला फार कौतुक वाटतं.

शेवटी अ‍ॅपियन मार्ग, म्हणजे प्राचीन रोमनांचा रस्ता. इ.स.पू. ३१२ मध्ये बांधायला घेतलेला. इथले जुने दगड परातीएवढे, वरून गोल झालेले आणि मधल्या फटी चाक गिळणाऱ्या. सांपिएत्रीनीला शिव्या घातल्याचा इथे पश्चात्ताप होतो. कडेला मातीची पायवाट सापडली तर ती धरावी, नाहीतर उतरून चालावं.

टूर संपली की कॉफी. इटलीत टेबलाशी बसून प्यायलेली कॉफी महाग पडते, काउंटरशी उभ्यानं प्यायलेली स्वस्त. सगळी टूर उभीच राहते.