रात्री किती वेळा उठता, काकाजी?

राजेहो, मागं आमच्या तालुक्यात एका नेत्याच्या वाढदिवसाचं आरोग्य शिबिर झालं. रक्ताच्या सगळ्या चाचण्या फुकट. त्यात पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाची पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्तचाचणी, काढली, ऐंशीला टेकलेल्या आजोबांचीही. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आले आणि लाल अक्षरातले आकडे घेऊन माणसं माझ्या मेडिकलच्या काउंटरवर उभी. "कॅन्सर हाये का हो?" सांगणारा डॉक्टर तोवर गायब.

पीएसए ही चाचणी वाईट नाही. पण प्रोस्टेटची गाठ नुसती वयानं वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, नुकतीच नळी टाकली असली, तरी तो आकडा चढतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं 2018 साली सांगितलं की 55 ते 69 वयात डॉक्टरशी बोलून, फायदे-तोटे समजून ज्यानं त्यानं ठरवावं. सत्तरीनंतर तपासणी म्हणून ती करूच नये. बाप किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर त्यानं जरूर विचारावं. पण मांडवात रांग लावून, काही न सांगता दंडातून रक्त काढायचं, याला मी तपासणी म्हणत नाही.

आमच्या गावातली खरी अडचण वेगळी आहे. पुरुष बोलतच नाही. काकाजी रात्रीतून चार-पाच वेळा उठतात, धार बारीक झालेली, सुरू व्हायला ताटकळावं लागतं, झाल्यावरही अजून उरल्यासारखं वाटतं. विचारलं तर म्हणतात, "वय झालं ना बाप्पा, हे चालूच राह्यते." प्रोस्टेट मुळात सुपारीएवढी ग्रंथी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली. वाढली की नळी दाबते. बहुतेकांत तो कॅन्सर नसतो आणि गोळीनं पुष्कळांना आराम पडतो. (ती गोळी रात्री जेवणानंतर घ्या आणि खाटेवरून एकदम उठू नका, चक्कर येते.) गोळीनं नाही भागलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. नागपूरच्या सुपर स्पेशालिटीत युरॉलॉजी विभाग आहे, आणि महात्मा फुले योजनेत प्रोस्टेट आणि मुतखडा दोन्हींची ऑपरेशनं बसतात.

पण काकाजी येतात कधी? लघवी पूर्ण तुंबल्यावर. आणि यात आम्हा मेडिकलवाल्यांचाही हात असतो, हे लिहायला मला लाज नाही. थंडीत सर्दी झाली की माणूस काउंटरवर येऊन "एक सर्दीची गोळी द्या" म्हणतो. त्या गोळ्यांतली काही औषधं मूत्राशयाचा जोर कमी करतात, काही तोंडाशी नळी आवळतात. आधीच गाठ वाढलेली, वरून ही गोळी, आणि पहाटे पोट फुगून माणूस तळमळतो. म्हणून साठीच्या माणसाला सर्दीची गोळी देण्याआधी मी लघवीचं विचारतो. लोक हसतात. हसू द्या. वरचेवर लघवीची पिशवी भरून राहिली तर दाब वर किडनीपर्यंत जातो, आणि ते दुखत नाही. बऱ्याचदा क्रिएटिनीन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ताची चाचणी) वाढल्यावरच कळतं.

याला महागडी मशीन लागत नाही. लघवीच्या त्रासाबद्दल सात प्रश्नांचा एक कागद जगभर वापरतात, 35 पैकी गुण. आठ किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरकडं जावं. सोबत शुगर, कारण रात्री उठणं मधुमेहाचंही असू शकतं. लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनीन, आणि लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली याची सोनोग्राफी. अकोला, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीतलं पाणीच खारं, तिथं तर क्रिएटिनीन आधी करा. आशाताई घरी येतात, शुगर-बीपीचं, तोंडातल्या जखमेचं विचारतात. त्यांनी पुरुषाला हे कसं विचारावं? आरोग्यसेवक दादांनी विचारावं की.

मुतखड्याचं थोडक्यात. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या घरात, अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते. बिअरनं खडा पडतो हे डोक्यातून काढा. दूध बंद करू नका. पाच मिलीमीटरपर्यंतचा खडा बहुतेकदा आपोआप पडतो, पण दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि बायांचं कोणी बोलतच नाही. कापूस वेचायला गेलेली बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण उघड्या वावरात बसायचं कुठं? संध्याकाळी माझ्याकडं येऊन हळूच म्हणते, "दादा, ते गुलाबी औषध द्या, जळजळ होते." त्या बाटलीनं जळजळ कमी होते, जंतू मरत नाहीत. वारंवार होत असेल तर लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे ते पाहणारी तपासणी) करून नेमकं औषध घ्यावं लागतं, आणि शुगरही पाहावी लागते. वावराच्या धुऱ्यावर चार बांबू आणि एक जुनी ताडपत्री लावली तर अर्धा आजार तिथंच थांबेल. शेतमालकहो, वाचताय ना?

बिडी ओढणाऱ्यांसाठी वेगळं लिहितो. न दुखता लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं आणि मग आपोआप थांबलं, तरी दाखवायचंच. मूत्राशयाचा कॅन्सर असाच सुरू होऊ शकतो. उष्णता झाली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसू नका.

पुढचं शिबिर भरवणाऱ्यांना निरोप : त्या सात प्रश्नांचा कागद मी आपल्या वऱ्हाडीत छापून देतो, पैसे नको. तुम्ही फक्त पडद्याआडची एक खोली, सोनोग्राफीवाला आणि बायांसाठी बाई डॉक्टर आणा. आणि रिपोर्ट समजावून सांगेपर्यंत डॉक्टरला जाऊ देऊ नका.